तारीख न घातलेल्या पेपरबद्दल

आदरणीय सर,

इंग्रजीत तुमचे आभार मानून झालेत. माझी दोन ओळींची ईमेल आणि तुमचं एका ओळीचं उत्तर. पण मला जे म्हणायचंय ते आमच्या सांगलीकरांच्या कानावर घालायचंय, म्हणून हे मराठीत आणि चारचौघांत.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा व्हॅल्परायझोत, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या आपल्या विद्यापीठाच्या गावी, पहिला बर्फ पडत होता. मिशिगन सरोवराचं पाणी अजून कोमट असतं, वरून वायव्येचा गार वारा येतो, वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ करून ओततो. हे तुम्हीच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी तुमचाच थर्मोडायनॅमिक्सचा पेपर होता. तुमच्या केबिनच्या दारात मी कसंबसं सांगितलं आणि लगेच मोबाइल पुढे केला. दादानं पाठवलेला हॉस्पिटलच्या कागदाचा फोटो होता त्यात.

तुम्ही मोबाइलकडे बघितलंच नाहीत.

बाकी सगळं नंतरचं. खुर्ची दिलीत, बाबा काय करायचे ते विचारलंत. पाटबंधारे खात्यात होते, कृष्णेच्या पातळीचे आकडे घ्यायचे, असं मी सांगितलं. मग प्रश्नपत्रिका पाकिटात घालून माझ्या हातात दिलीत. "जमेल तेव्हा सोडव. तीन तास, पुस्तक बंद." तारखेची जागा कोरीच होती. पण सर, मी तिकडे विमानात बसले ती त्या न बघितलेल्या मोबाइलच्या जोरावर.

याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. बारावीला असताना माझी आजी गेली. चार दिवस कॉलेज बुडलं. (कॉलेजचं नाव घेत नाही, अशी गल्लोगल्ली आहेत.) प्रॅक्टिकलला बसू द्या म्हणून ऑफिसात गेले, तर खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "तेराव्याचं कार्ड आणलंय का?" तेरावं व्हायचं होतं अजून. मागून एक सर म्हणाले, परीक्षा आली की सगळ्यांच्याच आज्या मरतात. हसले सगळे. मीही हसले, कारण सही त्यांचीच हवी होती. शेवटी वडिलांना रजा काढून, स्मशानातली पावती घेऊन यावं लागलं, स्वतःच्या आईची. त्या दिवसापासून मी दुःखाबरोबर पुरावा बाळगायला शिकले. तुमच्या दारात मोबाइल पुढे धरणारी मुलगी त्या खिडकीनं घडवलेली होती.

आपल्या विद्यापीठात १९४३ पासून ऑनर कोड आहे, हे इथल्या वाचकांसाठी सांगते. परीक्षेला वर्गात राखण करायला कुणी नसतं. पेपरवर एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहून सही करायची: अनधिकृत मदत मी दिली नाही, घेतली नाही आणि दुसऱ्यानं घेतलेली खपवून घेतली नाही. पहिल्या परीक्षेत तुम्ही पेपर वाटून निघून गेलात, तेव्हा आम्ही भारतातून आलेली पोरं एकमेकांकडे बघत बसलो होतो. कॅमेरा कुठंय ते शोधत होतो.

आता काकांची गोष्ट. काका निवृत्त मुख्याध्यापक. बोर्डाच्या भरारी पथकात कित्येक वर्षं होते, पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढलेला माणूस. दहावा-तेरावा उरकल्यावर मी पाकीट घेऊन बाबांच्या टेबलाशी बसले. काकांनी विचारलं, "पर्यवेक्षक कोण?" म्हटलं, कुणी नाही. "मग त्यांना कळणार कसं?" म्हटलं, कळणार नाही. काका बराच वेळ गप्प. मग उठून माझी पुस्तकं त्यांनी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, खुर्ची दाराबाहेर ओढली आणि तीन तास तिथं बसले. भेटायला आलेल्यांना परस्पर चहा पाजून वाटेला लावलं. वेळ संपल्यावर शाळेतल्यासारखं "पेन खाली" म्हणाले. ते वाक्य मी पेपरवर लिहिलं, तेव्हा काकांनी ते मराठीत सांगायला लावलं आणि "खपवून घेतली नाही" पुन्हा म्हणून घेतलं.

तुमच्या एका पाकिटानं आमच्या घरी एवढं केलं.

आपलं विद्यापीठ ल्युथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं. निघताना आत्यानं काळजीनं विचारलं होतं, ल्युथरन म्हणजे मिशनरीच ना, धर्म बदलायला सांगत नाहीत ना? तसं कुणी काही म्हटलेलं नाही. बुधवारी रात्री चॅपलमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना असते, तिला मी कधीमधी जाते, मुख्यतः गाण्यासाठी. ही माणसं चार सुरांत एकत्र गातात, शेजारी उभं राहिलं तरी बरं वाटतं. मी परतल्यावर रूममेटनं सांगितलं की बाबांसाठी तिथं प्रार्थना झाली. हिंदू माणसासाठी चालते का, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. आणि हेच विद्यापीठ १९२३ मध्ये डबघाईला आलं असताना कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांचं वर्चस्व मानणारी अमेरिकन संघटना ते विकत घ्यायला निघाली होती! व्यवहार फिसकटला आणि १९२५ मध्ये ल्युथरन मंडळींनी ते घेतलं. उलटं झालं असतं तर माझ्यासारखीला फाटकातून आत तरी घेतलं असतं का? सभ्यपणा भिंतींत नसतो, तो कुणीतरी येऊन तिथं वागावा लागतो. तुमच्या आधीही तिथं कुणीतरी वागलं असणार.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं मी म्हणत नाही. काका आहेतच की. फक्त त्यांच्या हाती आपण पाकिटं न देता पथकं दिली.

एक राहिलं. त्या पेपरात तुम्ही मला सी प्लस दिलंत. सगळ्यांनी सांत्वन केलं, सूट दिली, तुम्ही मात्र नेहमीसारखं लाल पेनानं तपासलंत आणि समासात "एकक कुठंय?" असं लिहिलंत. त्याबद्दल वेगळे आभार. काकांना गुण कमी वाटतात. तिसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला अर्धे गुण तरी मिळायला हवे होते, असं मलाही वाटतं. सोमवारी केबिनमध्ये येते, तेव्हा बोलू.

तुमची विद्यार्थिनी,
सांगलीची