हाताला बसेल ते पिस्तूल

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवाना आल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी "बरं झालं" एवढंच म्हणाले. त्या रात्री झोप मात्र लागली नाही. तू पिस्तूल बाळगू नयेस असं मला वाटतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. तो माणूस दोनदा तुझ्या दारापर्यंत मागे आला, तू रीतसर तक्रारी केल्यास, त्यांचं काय झालं, हे सगळं मी पाहिलंय. निर्णय तुझा आहे, आणि तो तू घाईने घेतलेला नाहीस. तेव्हा त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण पाठोपाठ तू पिस्तुलाचा फोटो पाठवलास, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते तर आपला वाद झाला असता.

फोटोतलं पिस्तूल तळहातात मावेल एवढं आहे. .380 मापाच्या गोळीचं, रिकामं असताना पाव किलोच्या थोडं वर. "कुठेही लपतं आणि जड वाटत नाही," असं तू खाली लिहिलंयस. सई, पंचवीस वर्षांपूर्वी मीही अगदी असाच विचार केला होता. माझं पहिलं हत्यार म्हणजे हलक्या धातूच्या सांगाड्याचं, पाच गोळ्यांचं .38 स्पेशल रिव्हॉल्व्हर. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. "बायकांना हेच बरं, यात समजायला अवघड काही नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ते खरं मानलं. पहिल्या दिवशी पंधरा गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली. पुढच्या वेळी दहाच झाडल्या. त्याच्या पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले आणि गोळ्या लक्ष्याच्या खाली, जमिनीत जायला लागल्या. सहा महिन्यांत ते कपाटात गेलं. वर्षभर माझ्याकडे हत्यार होतं आणि ते वापरण्याची माझी काहीही तयारी नव्हती. हत्यार नसण्यापेक्षा ही स्थिती वाईट, कारण मी त्याच्या भरवशावर उशिरा, एकटी बाहेर पडत होते.

असं का होतं ते तुला भौतिकशास्त्राने सांगते, तुला तेच पटतं. गोळी आणि दारू तीच असेल तर पिस्तुलाला मागे मिळणारा संवेगही तोच असतो. पिस्तुलाचं वजन निम्मं केलंस की ते दुप्पट वेगाने मागे येतं, आणि त्याची ऊर्जाही दुप्पट होते. ती सगळी तुझ्या तळव्यात आणि मनगटात शिरते. छोट्या पिस्तुलाची मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच उरत नाही, म्हणजे जास्त धक्का कमी बोटांनी सोसायचा. त्यात नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा, म्हणजे साइट, एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे नेम धरताना हाताची केसभर चूक झाली तरी लक्ष्यावर ती वीतभर होते. फार लहान पिस्तूल हे सरावलेल्या माणसाचं हत्यार आहे. नवख्याला ते "सोपं" म्हणून विकतात याचा मला आजही राग येतो.

तुझे हात माझ्यावर गेलेत. बोटं आखूड, तळवा अरुंद. म्हणून माझ्या हातांनी मला जे शिकवलं ते तुला उपयोगी पडेल. पिस्तूल हातात घेशील तेव्हा (रिकामं आहे हे स्वतः बघून, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही) मूठ जितकी वर धरता येईल तितकी धर, आणि नळी तुझ्या मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत आहे का ते पाहा. आता तर्जनी चापावर ठेव. तर्जनीच्या टोकाची गादी चापाच्या मध्यावर पोहोचायला हवी. त्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल, तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असलं तरी खाली ठेव. हल्ली बऱ्याच पिस्तुलांच्या मुठीचा मागचा भाग बदलता येतो. सगळ्यात पातळ तुकडा लावून बघ आणि मग ठरव.

मग चाप. माझ्या त्या रिव्हॉल्व्हरचा घोडा बाहेर नव्हताच, त्यामुळे प्रत्येक गोळीला चाप लांब आणि जड ओढावा लागे, जवळजवळ पाच किलोंचा जोर लावून. माझ्या बोटात तेवढी ताकद होती, पण ओढताना सगळा हात थरथरायचा. आताच्या स्ट्रायकरवर (म्हणजे घोड्याऐवजी आतल्या स्प्रिंगच्या खिळीवर) चालणाऱ्या पिस्तुलांचा चाप साधारण अडीच किलोंचा असतो. हलक्या चापाचा फायदा नेमबाजीत दिसतो आणि धोका निष्काळजीपणात. त्या धोक्याबद्दल पुढे लिहिते.

स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे न्यायचा पिस्तुलाचा वरचा भाग, ओढता येत नाही म्हणून दुकानात तू ओशाळलीस, असं तुझ्या बोलण्यातून कळलं. यात ओशाळण्यासारखं काही नाही, तुला कुणी नीट दाखवलेलंच नाही. पिस्तूल छातीजवळ आण, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट पकडून जागेवर रोख आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. ओढण्यापेक्षा ढकलण्यात सगळ्या अंगाचा जोर लागतो. पहिल्याच तासात जमेल. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर मुद्दाम मऊ स्प्रिंग घालून केलेली पिस्तुलंही मिळतात, स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड त्यातली. ती घेण्यात काही कमीपणा नाही.

गोळी कुठली घ्यावी यावर लोक भांडतात. तू त्यात वेळ घालवू नकोस, फक्त एक हकिगत लक्षात ठेव. 11 एप्रिल 1986 रोजी अमेरिकेत मायामीत एफबीआयच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या, माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच लागलेली 9 मिमीची गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. एफबीआयचे दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले. त्यानंतर गोळ्यांच्या चाचण्या कसोशीने होऊ लागल्या. शरीरासारख्या घट्ट जिलेटिनमध्ये गोळी किमान 12 इंच जावी आणि 18 इंचांच्या पलीकडे जाऊ नये, ही मोजपट्टी तेव्हाची. एफबीआय आधी 10 मिमीकडे वळली, मग .40कडे, आणि जवळपास तीस वर्षांनी परत 9 मिमीवर आली. एकतर गोळ्या सुधारल्या होत्या. शिवाय कमी धक्क्याच्या पिस्तुलातून त्यांचीच माणसं जास्त नेमकी आणि भराभर गोळी मारत होती. जे शिकायला एवढ्या मोठ्या संस्थेला तीस वर्षं लागली, ते तू पहिल्या दिवसापासून वापर. 9 मिमी घे, आणि बाळगायला पसरणाऱ्या टोकाची गोळी, म्हणजे हॉलो पॉइंट. ती शरीरात पसरते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. तू माणसांच्या गर्दीत वावरतेस. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब तुलाच द्यावा लागेल, आधी मनाला आणि मग कायद्याला.

माझ्या मनात तुझ्यासाठी दोन पिस्तुलं आहेत. एक ग्लॉक 19. 1988पासून चालत आलेलं, 15 गोळ्यांचं, धक्का सोसवणारं, पण तुझ्या अंगलटीला लपवायला जरा मोठं. दुसरं सिग साउअरचं पी365. ते 2018 साली आलं तेव्हा एवढ्याशा पिस्तुलात 10 गोळ्या बसलेल्या बघून मला नवल वाटलं होतं. रिकामं असताना अर्धा किलो भरतं. लांब मुठीचं पी365 मिळालं तर तुझ्या करंगळीलाही जागा मिळेल. माझा कल याच्याकडे आहे. पण दोन्ही भाड्याने घेऊन प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडून बघितल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत. विकत घेतल्यावरही, जी गोळी रोज बाळगणार तिच्याच दोनशे तरी अडखळल्याशिवाय चालल्या पाहिजेत. मनगट ढिलं पडलं तरी पिस्तूल अडकतं, म्हणून दोष पिस्तुलाचा की हाताचा ते प्रशिक्षकाला पारखू दे.

आता धोक्याचं. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायची म्यान, घेताना पैसे वाचवू नकोस. कडक प्लॅस्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल काढल्यावर तोंड न मिटणारं हवं. त्याच्याबरोबर ताठ पट्टा, नाहीतर सगळा भार लोंबकळतो. एकदा सराव संपवून मी पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवत होते. ते नेहमीसारखं सरकेना. मी जोर लावणार, तेवढ्यात कसं कोण जाणे थांबले आणि खाली बघितलं. माझ्या रेनकोटच्या दोरीची गाठ चापाच्या कड्यात अडकली होती. पिस्तुलात गोळी होती आणि नळी माझ्या मांडीकडे. अजून दोन बोटं ढकललं असतं तर... तेव्हापासून मी पिस्तूल परत ठेवताना कपडा बाजूला धरते, डोळ्यांनी बघते आणि सावकाश सरकवते. काढायची घाई कधी असू शकते. परत ठेवायची कधीच नसते.

पर्समध्ये ठेवायचा विचार मात्र आजच सोडून दे. पर्स हिसकावली जाते, हॉटेलात खुर्चीला लटकते, आणि तुझ्या घरात लहानगा चिनू आहे. 2014च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल बाहेर काढलं आणि त्याच्या हातून गोळी सुटून आई तिथेच मरण पावली. मी ती बातमी वाचली तेव्हा तुझं लग्नही झालेलं नव्हतं. आता चिनू माझ्या पर्समध्ये खाऊ शोधतो, तेव्हा मला दर वेळी त्या बाईची आठवण येते. पिस्तूल अंगावर असेल किंवा कुलपात असेल, तिसरी जागा नाही. बोटांच्या खुणांवर किंवा आकड्यांवर उघडणारी छोटी तिजोरी घे, भिंतीला किंवा पलंगाला पक्की बसव. उशीखाली नाही, उंच फडताळावर नाही. तू किती उंचावर चढून लाडू काढायचीस ते मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही, यासाठी मी दोन दिवस थांबले. चिनूच्या जन्मानंतरचे ते चार महिने मी विसरलेले नाही. रात्री तीनला तू मला फोन करायचीस आणि काही बोलायची नाहीस, नुसता श्वास ऐकू यायचा. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटींहून जास्त माणसांचा एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या बायकांमध्ये बंदुकीने जीव देण्याचं प्रमाण, न बाळगणाऱ्यांच्या सुमारे पस्तीसपट निघालं. मला हा आकडा तुझ्यापासून लपवता आला असता. पण मग मी तुला पिस्तुलाच्या मुठीबद्दल कुठल्या तोंडाने सांगू? मला तुझ्याकडून एक शब्द हवाय. तसे दिवस पुन्हा आले, नुसती चाहूल जरी लागली, तरी पिस्तूल माझ्या ताब्यात द्यायचं. मी काही विचारणार नाही. त्यासाठी रीतसर जे काही करावं लागेल, ते आपण आताच विचारून ठेवू, म्हणजे त्या वेळी सबब उरणार नाही. माझ्यावर तशी वेळ आली, तर मीही माझं पिस्तूल तुझ्याकडे देईन. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी ते स्वतःहून शेजारच्या काकांच्या तिजोरीत ठेवायला दिलं होतं. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

कायद्याचं पुस्तक मी वाचून दाखवणार नाही. परवाना कुठे चालतो, कुठे नाही, बळाचा वापर कधी समर्थनीय ठरतो, हे तुझ्या गावच्या वकिलाकडून एक तास बसून समजून घे. अंगावर पिस्तूल असताना दारूचा घोट नाही आणि रस्त्यावरच्या भांडणाला तोंड नाही. तुझा स्वभाव उत्तराला उत्तर द्यायचा आहे. तो तुला आवरावा लागेल. त्या माणसाला टाळून घरी पोहोचता येत असेल, तर तसंच पोहोच.

येत्या शनिवारी सकाळी दहाला मी दोन्ही पिस्तुलं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने सांगून ठेवलीत. प्रशिक्षिका माझ्या ओळखीची आहे, ती आवाज चढवत नाही. गळाबंद सदरा घालून ये. झाडलेल्या गोळ्यांच्या तापलेल्या पुंगळ्या उडून गळ्यात पडतात आणि माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचायला लागतो. केस बांध, बंद बूट घाल. गोळीचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वर मफ, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, असं दोन्ही लागेल. तुझ्यासाठी जास्तीचा मफ मी आणते. चिनूला सुनीतामावशीकडे सोड, मी तिच्याशी बोलले आहे.

तुझं उत्तर शनिवारी समोरासमोर सांग. तो शब्दही तेव्हाच दे.

तुझी,
आई