दोन नळ्यांचे पैसे घेतले, धूर मात्र एकीतूनच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'ड्युअल एक्झॉस्ट' संचातील डावी नळी आतून बंद निघाल्याबद्दल व खोटी माहिती देऊन विक्री केल्याबद्दल, पूर्ण परतावा मिळणेबाबत.

महोदय,

माझ्या सात सीटर डिझेल गाडीसाठी मी तुमच्याकडून ड्युअल एक्झॉस्टचा, म्हणजे मागून धूर सोडणाऱ्या दोन नळ्यांचा, संच मागवला. बिल 28,500 रुपयांचे आहे. संच चाळीसगावला वेळेत पोचला, पॅकिंगही चांगले होते. तक्रार आतल्या मालाची आहे, आणि त्याहून जास्त विक्रीआधी तुमच्या माणसाने दिलेल्या उत्तरांची.

ती उत्तरे व्हॉट्सॲपवर लेखी आहेत, म्हणून आधी तीच सांगतो. माझी गाडी 2.2 लिटरची, टर्बो, बीएस 6. चार सिलिंडर एका रांगेत. व्ही आकाराच्या सहा-आठ सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, प्रत्येक रांगेचा धूर आपापल्या मॅनिफोल्डमधून (धूर गोळा करणाऱ्या नळीतून) निघतो, त्यामुळे तिथे दोन पाइप मुळापासूनच येतात. माझ्या गाडीत चारही सिलिंडरचा धूर एकाच टर्बोतून (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्यातून) जातो आणि एकाच तोंडाने बाहेर पडतो. हे ठाऊक होते म्हणूनच मी विचारले होते, की दुसरी नळी निघणार कुठून आणि तिच्यातून जाणार काय? उत्तर आले: 'फिल्टरच्या मागे वाय जोड, दोन मफलर, धूर निम्मा-निम्मा, ताकद 15 टक्के जास्त, आवाज कंपनीइतकाच, मटेरियल एसएस 304, आरटीओ मान्य.' (मफलर म्हणजे आवाज दाबणारा डबा, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील.)

ताकदीचे मी तेव्हाच सोडून दिले. टर्बोच्या पुढे धुराला जे काय अडते ते कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात) आणि काजळीच्या फिल्टरमध्ये. ते काढून टाकणे बेकायदा, आणि ते जागच्या जागी ठेवून शेवटी कितीही रुंद पाइप जोडला तरी इंजिनाला फारसा फरक पडत नाही. मला मागून दोन नळ्या हव्या होत्या, दोन्ही चालू, आणि आवाज मूळ गाडीइतका. हौसेला मोल नसते म्हणतात; इथे ते तुमच्या बिलावर छापलेले आहे.

संच बसवल्यावर सकाळी गाडी सुरू केली की उजव्या नळीतून पाणी ठिबकायचे आणि डावी कोरडी ठणठणीत. मिस्तरीने गाडी खड्ड्यावर घेतली, इंजिन चालू ठेवले आणि दोन्ही तोंडांपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. उजवीकडचा फडफडला. डावीकडचा जागचा हलला नाही. मग इंजिन बंद करून त्याने डाव्या नळीत सळई सारली. ती हातभर आत गेली आणि ठक्क करून थांबली. बॅटरी मारली तर जिथे मफलर संपतो तिथे गोल पत्रा बसवलेला. कडेने वेल्डिंग अगदी सुबक, तेव्हा चुकून राहिले असे म्हणायला जागा नाही. 'ह्या दखाडाना दात शेतस भो,' (हे दाखवायचे दात आहेत भाऊ) एवढे बोलून तो हात पुसत बाजूला झाला.

शोभेची नळी विकायला माझी हरकत नाही. नावाजलेल्या गाड्यांच्या बंपरलाही नुसत्या शोभेच्या नळ्या असतात. पण मग तसे लिहा आणि तसे पैसे घ्या. दुसऱ्या मफलरचे पैसे लावून त्याचे तोंड पत्र्याने बंद करायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

मटेरियलची तीच गत. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. त्याला चुंबक जवळपास चिकटत नाही, फार तर वाक दिलेल्या ठिकाणी किंचित ओढ जाणवते. तुमच्या सरळ पाइपला चुंबक असे चिकटले की ओढून काढावे लागले, आणि पहिल्याच पावसात सांध्यांवर तांबूस गंज आला. चुंबक चिकटणारे 409 ही काही वाईट जात नाही, कंपन्यांचे मूळ सायलेन्सर कित्येकदा त्याचेच असतात. ते स्वस्त असते, एवढाच मुद्दा.

आता खरी काळजीची गोष्ट. उजवीकडून डावीकडे जाणारा तुमचा आडवा पाइप डिझेलच्या लाइनला जवळजवळ टेकतो; मधल्या फटीत करंगळी जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 113 नुसार गाडी बनवताना एक्झॉस्टचा पाइप इंधनाच्या लाइनपासून 35 मिलिमीटरच्या आत ठेवता येत नाही. डावे तोंड बंद असले तरी गरम धूर त्या आडव्या पाइपात शिरतोच. शिवाय फिल्टरमधली काजळी जाळताना तिथले तापमान 600 अंशांच्या घरात जाते आणि तोच धूर पुढे याच वाटेने येतो. वरून आमच्याकडचा मे महिना. हा संच आखणाऱ्याने माझ्या मॉडेलच्या गाडीखाली एकदा तरी वाकून पाहिले होते का?

आवाजाबद्दल थोडक्यात: 2000 आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये असा घुमारा भरतो की कन्नड घाट चढताना आई मागच्या सीटवर पदर कानाशी धरून बसली. 'आरटीओ मान्य' म्हणजे नेमके काय, ते मी विचारले होते. मान्यताप्राप्त संस्थेचे चाचणी प्रमाणपत्र असेल तर पाठवा. आवाज-प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जाते. पोलीस पावती माझ्या नावाने फाडणार, तुमच्या नाही.

फोनवर तुमच्या ग्राहक सेवेने सांगितले, की बाहेरच्या गॅरेजात बसवल्याने वॉरंटी संपली. तुमच्याच जाहिरातीत 'कोणत्याही गॅरेजात सहज बसते' असे छापले आहे. आणि तो पत्रा गॅरेजात बसला, असे तर म्हणायचे नाही ना?

माझी मागणी अशी: 28,500 रुपये पूर्ण परत करावेत, संच तुमच्या खर्चाने उचलून न्यावा, आणि बसवण्या-काढण्याची गॅरेजची मजुरी 4,000 रुपये द्यावी. माझ्या मॉडेलसाठी हा संच विकणे थांबवा. डिझेलच्या लाइनचा प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे तुमच्या वकिलाला माहीत असेलच.

सोबत बिल, व्हॉट्सॲपवरील संवाद, सळई-पत्र्याचे फोटो, कागदाचा व्हिडिओ आणि मजुरीची पावती जोडली आहे. संच काढून मूळ सायलेन्सर परत बसवला आहे. संच तुमच्याच खोक्यात बांधून ठेवला आहे. उचलायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. खोके जड आहे आणि आमच्या गल्लीत टेम्पो वळत नाही, तेव्हा दोन माणसे पाठवा.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलाप्रमाणे)
चाळीसगाव, जि. जळगाव