ताईशी तू बोल

प्रिय सुध्या,

दादाचं ऑपरेशन झाल्याचं तुला कळलंच असेल. मोठ्या आतड्यातली गाठ काढली, जखम भरली, नर्सवर खेकसतोय म्हणजे बरा आहे. माझी साखर ठीक.

लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. गाठीच्या रिपोर्टात तळाशी एक ओळ होती: एमएसएच2 आणि एमएसएच6 ही प्रथिनं पेशींत दिसत नाहीत. डिस्चार्ज देताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि कोणी बोट ठेवून दाखवू नये? अजून राग जात नाही. ती ओळ घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही प्रथिनं दुरुस्त करतात. दोन्ही गायब असली तर दोष बहुधा जन्मापासूनचा, असं त्या म्हणाल्या. दादाच्या रक्तात तेच निघालं. लिंच सिंड्रोम म्हणतात, आईबापाकडून येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष. आतड्याच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांना हा असतो, म्हणून प्रत्येकाची गाठ तपासायलाच हवी, नुसतं 'घरात कोणाला होता का' विचारून भागत नाही. खरंय रे. आम्ही काय सांगितलं असतं? अण्णा पोटाच्या दुखण्याने गेले. आत्याचं 'बायकांचं काहीतरी' होतं. ते गर्भाशयाचं होतं आणि याच दोषातून तोही कॅन्सर होतो, हे आत्ता कळतंय.

आम्हा भावंडांत प्रत्येकाला निम्मी शक्यता. मी रक्त दिलं, माझ्यात आहे. आता दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं, पॉलिप (आतल्या अस्तरावरची बारीक वाढ) दिसला की तिथल्या तिथे काढायचा. जमेल मला. तू लगेच फोन करून रडू नकोस.

पण ताई! 'मला काही होत नाही, नसती भुतं उठवू नका.' अरे, दादाचा नेमका दोष सापडलाय, हिच्या रक्तात तेवढाच शोधायचाय. नाही निघाला तर हिच्याकडून मनीलाही येणार नाही, विषय संपला. निघाला तर मनीने तपासायला हवं, आणि मनी बावीसची आहे. यात कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू करतात. 1895 साली वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, आमच्याकडे सगळे याच आजाराने जातात, मीही जाणार. गेलीही, गर्भाशयाच्याच कॅन्सरने. तिच्या हातात काहीच नव्हतं. ताईच्या हातात आहे, म्हणून जीव तुटतो.

काकूंना आजाराचं नाव सांगायचं नाही असं तू ठरवलंस, तेव्हा आपण केवढे भांडलो होतो. मला ते आजही पटलेलं नाही. पण न ऐकणाऱ्या माणसापुढे बसून काय वाटतं, ते तुझ्याइतकं कोणाला कळणार? आणि ताई तुझं ऐकते. सख्ख्या भावांपेक्षा तुलाच जास्त लाडू मिळायचे, त्याचा हिशेब आज मागतोय.

तिला फोन कर. माझं नाव काढू नकोस, नाहीतर ठेवून देईल. जीन-बीन नंतर. आधी मनीचं विचार, मग आत्याचं काढ. आत्याचं शेवटचं सगळं तिनेच केलंय.

नवी नोकरी मानवतेय ना? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीवांना निकालाबद्दल शाबासकी.

ताई काय म्हणाली ते त्याच रात्री कळव, कितीही वाजले तरी.

तुझा,
विन्या