श्रद्धा लपवली नाही, हा केट फोर्ब्स यांचा दोष कसा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्कॉटलंडच्या राजकारणावर आपल्या दैनिकात आलेल्या टिपणात केट फोर्ब्स यांचा उल्लेख ‘समलिंगी विवाहाचा कायदा मोडीत काढायला निघालेल्या कट्टर ख्रिस्ती नेत्या’ असा झाला आहे. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून हे पत्र. आरंभीच सांगतो की मी स्वतः ख्रिस्ती आहे, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क असावा या मताचा आहे, आणि फोर्ब्स यांची या विषयावरची भूमिका मला पटत नाही. तरीही एखादी लोकप्रतिनिधी मनात काय मानते आणि हाती सत्ता आल्यावर काय करणार, हे दोन प्रश्न आपण एकात एक मिसळले, तर तिच्यावरची रास्त टीकाही भलत्या जागी पडते, असे मला मनापासून वाटते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन यांनी पद सोडण्याचे जाहीर केले, तेव्हा स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदासाठी फोर्ब्स उभ्या राहिल्या. त्या वेळी त्या अर्थमंत्री होत्या, पण सहा महिन्यांच्या मुलीसह प्रसूतिरजेवर होत्या. अर्ज जाहीर होताच मुलाखतींचा भडिमार झाला आणि पहिलाच प्रश्न आला तो २०१४ च्या मतदानाचा. त्या वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने १०५ विरुद्ध १८ मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती, आणि फोर्ब्स संसदेत निवडून आल्या त्या २०१६ मध्ये. म्हणजे जे मत देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, त्याचा हा जाब होता. “मी तेव्हा सभागृहात नव्हते” एवढे बोलून त्यांना सुटता आले असते. त्या सुटल्या नाहीत. आपण सदसद्विवेकाला स्मरून विरोधात मत दिले असते, असे त्यांनी सांगितले. मात्र आज तो कायद्याने दिलेला हक्क आहे आणि नेता म्हणून आपण त्याचे रक्षण करू, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. आपल्या टिपणात यातला पहिला अर्धा भाग आहे, दुसरा गाळला गेला आहे.

परिणाम व्हायचा तो झाला. आदल्या दिवशी जाहीर पाठिंबा देणाऱ्या काही मंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी तो काढून घेतला आणि उमेदवारी आता संपली असे भाकीत अनेकांनी केले. मार्चअखेर निकाल लागला तेव्हा मात्र प्रतिस्पर्धी हमझा युसफ यांना ५२.१ टक्के आणि फोर्ब्स यांना ४७.९ टक्के मते होती. मतदान करणाऱ्या पक्षसदस्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी अखेरच्या फेरीत त्यांना कौल दिला, आणि हे सगळे सदस्य काही सनातनी ख्रिस्ती नव्हते. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधील ५१.१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याची नोंद केली आहे. अशा देशात एवढी मते मिळतात याचा अर्थ, बाई बोलते ते खरे बोलते, याची काहीएक किंमत मतदारांनी केली असावी.

येथे टिम फॅरन यांची आठवण होते. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे हे तेव्हाचे नेते, तेही श्रद्धाळू ख्रिस्ती. २०१७ च्या निवडणुकीत त्यांना समलिंगी संबंध पाप आहे का, असे पुन्हा पुन्हा विचारले गेले. आधी त्यांनी उत्तर टाळले, मग दबावाखाली ‘पाप नाही’ असे सांगितले, निवडणुकीनंतर काही दिवसांतच नेतेपद सोडण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या जानेवारीत त्या उत्तराबद्दल खंतही व्यक्त केली. राजकीय सोयीसाठी दिलेल्या त्या उत्तराने ना समलिंगी नागरिकांचे काही भले झाले, ना फॅरन यांचे. श्रद्धाळू लोकप्रतिनिधीने निवडून येण्यासाठी खोटे बोलावे, अशी अपेक्षा आपण ठेवत असू, तर आपल्याला खोटे बोलणारेच मिळतील. मला फोर्ब्स यांचे न पटणारे उत्तर फॅरन यांच्या पटणाऱ्या उत्तरापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

‘कट्टर’ या शब्दाबद्दलही लिहिणे भाग आहे. फोर्ब्स ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सदस्य आहेत, त्याचा जन्मच राजसत्ता आणि धर्म यांच्या सीमेवरच्या भांडणातून झाला. मंडळीचा (म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाचा) पाळक, धर्मगुरू, कोणी नेमायचा, गावच्या जमीनदाराने की मंडळीने, हा वाद दहा वर्षे चिघळला आणि न्यायालयांनी जमीनदारांच्या बाजूने निकाल दिले. शेवटी १८ मे १८४३ रोजी एडिंबरा येथे भरलेल्या, स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चच्या महासभेतून थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली पाळक उठून बाहेर पडले. एकूण ४७४ पाळकांनी फारकतीच्या कागदावर सह्या केल्या, आणि त्या सहीबरोबर पगार गेला, राहते घर गेले, ज्या मंदिरात उपदेश करीत त्याची किल्लीही गेली. राज्याने मंडळीच्या अंतःकरणात हात घालू नये, यासाठी एवढी किंमत मोजलेल्या लोकांचा हा वारसा आहे.

महाराष्ट्राला हा वारसा परका नाही. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये फ्री चर्चची बाजू घेतली. त्यांनी १८३२ मध्ये काढलेल्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. आमच्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप त्याच चर्चचे. विदर्भातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करणारा हा माणूस दर रविवारी उपदेशही करीत असे, आणि त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून येथे उभे आहे. शास्त्र शिकवणारे, मुलींच्या शाळा काढणारे हे लोक धर्माच्या बाबतीत आजच्या फोर्ब्स यांच्याइतकेच, किंबहुना अधिक सनातनी होते. त्यांच्या धर्मांतराच्या कामाने या प्रांतात वादही पेटवले. १८४३ मधील श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाचे प्रकरण तर थेट मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. आजचे फ्री चर्च हे १९०० मध्ये दुसऱ्या एका चर्चबरोबर झालेल्या विलीनीकरणात सामील न झालेल्या थोड्यांचे आहे, त्यामुळे हा वारसा सरळ रेषेत आलेला नाही, हेही नोंदवतो. स्वतः फोर्ब्स यांच्या बालपणाची काही वर्षे मिशनरी आईवडिलांबरोबर भारतात गेली आहेत. एवढा सगळा गुंता एका विशेषणात बसत नाही.

आता माझा मतभेद. विवाहाविषयीचे आपले मत सदसद्विवेकाचे आहे, असे फोर्ब्स म्हणाल्या आणि त्यांनी जर्मनीच्या माजी चान्सलर अँगेला मर्केल यांचा दाखला दिला. मर्केल यांनी जून २०१७ मध्ये जर्मन संसदेत समलिंगी विवाहाच्या विरोधात मत दिले होते, आणि तरीही ते विधेयक संमत झाले. हा दाखला मला अपुरा वाटतो. प्रार्थनेत आपण काय मागतो ते आपल्यापुरते असते. सभागृहातले मत आपल्यापुरते कधीच नसते. माझ्या सदसद्विवेकासाठी मी उपास करू शकतो, पण शेजाऱ्याच्या घरातली चूल बंद ठेवू शकत नाही. मर्केल यांच्यासारखी मते बहुसंख्य झाली असती तर हजारो जोडप्यांना आजारपणात, वारसाहक्कात, मुलांच्या पालकत्वात विवाहित म्हणून उभे राहता आले नसते. फ्री चर्चच्या पूर्वजांनी राज्याला सांगितले की आमच्या मंडळीत हात घालू नका; त्याच न्यायाने मंडळीनेही आपली विवाहाची व्याख्या राज्यावर लादू नये, आणि हा निष्कर्ष फोर्ब्स यांनी २०१४ च्या प्रश्नालाही लावायला हवा होता. हक्क एकदा मिळाल्यावर त्याचे रक्षण करीन, हे वचन चांगलेच आहे. पण तो मिळू द्यायला मी विरोध केला असता, हे त्याच्या शेजारी उभे राहिले की ऐकणाऱ्याला टोचते. ज्यांना टोचले त्यांचे चुकले, असे मी म्हणणार नाही.

त्यांच्या दुसऱ्या एका उत्तराने मला स्वतःला अधिक अस्वस्थ केले. लग्नाबाहेर मूल होणे आपल्या श्रद्धेप्रमाणे चुकीचे आहे आणि स्वतःपुरते आपण ते टाळू, असे त्या म्हणाल्या. इतरांनी कसे जगावे हे त्यांच्यावर आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. हे वाचताना मला माझ्या लहानपणीची आमची मंडळी आठवली. तेथे एक मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन उपासनेला यायची आणि दरवाजाजवळच्या शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायची. बाळ कुरकुरले की ती स्तोत्र अर्धे सोडून बाहेर पायरीवर जाऊन उभी राहायची. तिला कोणी ‘येऊ नको’ म्हटले नव्हते; तिच्या शेजारी मात्र कोणी बसत नसे, आणि तीन बाकांची जागा मोकळी असूनही लोक पुढे दाटीवाटीने बसत. माझी आई एके रविवारी मला हाताला धरून त्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर कोणी काही बोलले नाही, पण त्या दिवशी जेवणे शांततेत झाली, एवढे मला आठवते. ‘माझ्या श्रद्धेप्रमाणे चूक’ हे शब्द सत्तेच्या जागेवरून उच्चारले जातात, तेव्हा ते त्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतात, हे फोर्ब्स यांच्यासारख्या सुजाण व्यक्तीच्या ध्यानात यायला हवे होते.

पण मग त्यांनी सत्तेत असताना केले काय, हे पाहायला नको का? ६ फेब्रुवारी २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रकाच्या दिवशीच राजीनामा दिला आणि अवघ्या २९ वर्षांच्या फोर्ब्स यांनी काही तासांच्या सूचनेवर ते सभागृहात मांडले. पुढे त्या अर्थमंत्री झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, फेब्रुवारी २०२१ पासून, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान मुलांमागे आठवड्याला १० पौंड देणारी ‘स्कॉटिश चाइल्ड पेमेंट’ ही योजना सुरू झाली. एप्रिल २०२२ मध्ये ही रक्कम दुप्पट झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २५ पौंड होऊन सोळा वर्षांखालील मुलांपर्यंत पोहोचली. ही रक्कम देताना मुलाच्या आईबापांचे लग्न झाले आहे का, असे कोणी विचारत नाही. योजना त्यांच्या एकट्यांची नव्हे, सरकारची होती. पण तिजोरीच्या चाव्या त्यांच्या खात्याकडे होत्या आणि त्यांनी तेथे आपली श्रद्धा अट म्हणून घातली नाही. एखाद्या सनातनी ख्रिस्ती लोकप्रतिनिधीकडून धर्मनिरपेक्ष राज्याने याहून वेगळे काय मागावे?

इतर विषयांबद्दल थोडक्यात. लिंगओळखीला कायदेशीर मान्यता मिळवणे सोपे करणारे विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये ८६ विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले, तेव्हा त्या रजेवर होत्या. त्या स्वरूपात आपण त्याला मत दिले नसते, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांच्या पक्षातील काही सदस्यांनी प्रत्यक्ष विरोधात मत दिले होते आणि त्यांतल्या काहींची कारणे धार्मिक नव्हती. गर्भपाताबाबत त्यांचे वैयक्तिक मत प्रतिकूल आहे, परंतु स्त्रियांचा कायदेशीर हक्क आपण राखू, असे त्यांनी सांगितले आहे. असाध्य आजाऱ्याला मृत्यूसाठी साहाय्य देण्याच्या विधेयकालाही त्यांचा विरोध होता. मे २०२५ मध्ये ते पहिल्या टप्प्यात ७० विरुद्ध ५६ मतांनी पुढे सरकले, तेव्हा विरोधकांत अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे आणि धर्म न मानणारेही होते. एकाच मताला एकाच्या तोंडी ‘विचार’ आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘कट्टरता’ म्हणणे पत्रकारितेला शोभत नाही.

मे २०२४ मध्ये त्या डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी, मुलीच्या बालपणाची आणखी वर्षे गमवायची नाहीत असे सांगून, २०२६ ची निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात एडिंबरातील एका कला केंद्राने, त्यांना मुलाखतीसाठी बोलावणे ही आपली चूक होती अशी भूमिका घेतली. ज्यांना त्यांच्या येण्याने भय वाटले त्यांचे भय मी खोटे मानत नाही. पण प्रश्न विचारण्याची जागाच बंद केली, तर मी वर नोंदवलेले आक्षेप त्यांच्यासमोर कोणी आणि कोठे मांडायचे?

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. फोर्ब्स समलिंगी विवाहाचा कायदा रद्द करणार होत्या, या विधानाची दुरुस्ती आपण छापावी. आणि त्यांचे २०२३ चे उत्तर पुढे कधी उद्धृत कराल तेव्हा त्याचे दोन्ही अर्धे एकत्र छापावेत, म्हणजे माझ्यासारख्या वाचकाला त्यातल्या पहिल्याशी भांडता येईल आणि दुसऱ्याची नोंद घेता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, नागपूर