स्पॅनिश ड्रॉइंगचं इंग्लिश नीट करा

संपादक महोदय,

स्पॅनिश बांधकामाची कागदपत्रं हल्ली सरळ मशीनला देतात आणि आलेलं इंग्लिश तसंच साइटवर जातं, हे फार चुकीचं चाललंय. स्पेनमध्ये 'फोर्खादो' म्हणजे मजल्याचा स्लॅब, भाषांतरात होतं 'फोर्ज्ड', मग वाचणाऱ्याला वाटतं की घडीव लोखंडाचं काहीतरी आहे. 'मेमोरिया' म्हणजे प्रोजेक्टचा तांत्रिक रिपोर्ट, त्याची 'मेमरी' होते. आणि 'प्रिमेरा प्लांता' तर जपूनच, तो तळमजल्याच्या वरचा मजला, ब्रिटिशांचा फर्स्ट फ्लोअर पण अमेरिकन माणसासाठी सेकंड. 'आपारेखादोर'ला तर इंग्लिशमध्ये नेमका शब्दच नाही, तो बांधकामाची अंमलबजावणी आणि दर्जा बघणारा शिकलेला टेक्निकल माणूस, त्याला नुसतं फोरमन म्हणणं मला अजिबात पटत नाही. निदान स्ट्रक्चरची पानं तरी बांधकाम कळणाऱ्या भाषांतरकाराकडून तपासून घ्या ना.

– एक भाषांतरकार