परदेशी शिक्षणाचा अर्ज : आमचं लिखाण आम्हालाच लिहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी स्टॅटिस्टिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि येत्या डिसेंबरात बायोस्टॅटिस्टिक्सच्या, म्हणजे आरोग्य आणि औषधांच्या आकडेवारीच्या शास्त्राच्या, पीएचडीसाठी परदेशातल्या काही विद्यापीठांत अर्ज करणार आहे. दीड वर्ष तयारी चालू आहे. त्यात जे कळलं त्यातली एक गोष्ट माझ्यासारख्या मुलामुलींपर्यंत आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांपर्यंत पोचावी असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, पण काटछाट करायची तर शेवटची विनंती तेवढी ठेवा.

सुरुवातीला आम्ही पण सगळे जातात तसे एका कन्सल्टन्सीकडे गेलो. त्यांनी मार्कशीट बघितली, वीस मिनिटांत विद्यापीठांची यादी दिली, ॲम्बिशियस, मॉडरेट, सेफ अशा तीन कप्प्यांत, आणि चार दिवसांनी मेलवर माझा एसओपी आला. म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, मला हा विषय का शिकायचाय ते मी सांगायचं असतं तो निबंध. मी एक ओळही लिहिली नव्हती आणि तो तयार होता. लहानपणापासून आकड्यांचं वेड, मग एका कंपनीतली इंटर्नशिप, मग जागतिक दर्जाच्या शिक्षणाची ओढ. इंटर्नशिप मी केलेलीच नाही. फोन करून सांगितलं तर म्हणाले अगं सगळ्यांचं असंच जातं, कोण तपासत बसतंय. आई शेजारी बसून ऐकत होती, तिनं फोन ठेवल्यावर एवढंच विचारलं की यात तू कुठे आहेस. आम्ही परत गेलो नाही.

पण आईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं हे खरं. मला बाहेर जायचं होतं, का ते धड सांगता येत नव्हतं. रँकिंग पाठ होतं. कुठल्या विद्यापीठाचा कितवा नंबर ते सांगितलं असतं, पण तिथल्या डिपार्टमेंटमध्ये कोण काय काम करतं हे एकाचंही माहीत नव्हतं.

उत्तर मिळालं ते सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये. रक्तदाबाच्या पेशंटचा डेटा होता, दर काही महिन्यांनी मोजलेला, आणि बऱ्याच जणांच्या पुढच्या नोंदीच नव्हत्या. आम्हाला शिकवलं होतं तशा मी अशा सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि उरलेल्यांवर उत्तर काढलं, छान आलं, औषध चांगलं चालतंय असं दिसलं. सरांनी विचारलं, ज्यांची नोंद नाही ते लोक गेले कुठे? बरं वाटलं म्हणून यायचे थांबले, त्रास झाला म्हणून औषध सोडलं, की वारले? तिन्हींत उत्तर वेगळं येतं आणि मी तिघांनाही एकाच झटक्यात पुसून टाकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग सरांनीच संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांचा १९७६ सालचा पेपर वाचायला दिला, नसलेल्या नोंदींकडे कधी दुर्लक्ष केलेलं चालतं आणि कधी नाही हे त्यात गणितानं मांडलंय, पहिल्या वाचनात निम्मा डोक्यावरून गेला पण मला काय शिकायचंय ते मात्र कळलं. मला त्या गायब झालेल्या पेशंटचा हिशेब लावायला शिकायचंय. त्यानंतर विद्यापीठांची यादी मी नव्यानं केली, या प्रश्नावर काम करणारी माणसं कुठे आहेत ते बघून, आणि आधीच्या यादीतली फक्त दोन नावं त्यात टिकली.

संपादक महोदय, मला वाटतं तयारी म्हणतात ती इथे सुरू होते. अर्ज म्हणजे नुसता फॉर्म नाही, स्वतःला प्रश्न विचारायची ती एक जागा आहे, आणि तीच आपण पैसे देऊन दुसऱ्याला भरायला देतो.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण सगळे शाळेत वाचतो, पण त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं होतं ते कुणी दाखवत नाही. १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजला लिहिलेलं. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय, असा त्यातला मुद्दा. शिक्षणात काय काय कमी पडतंय हे पण त्यांनी लपवलं नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ते पत्र दुसऱ्या कुणाच्या नावावर खपलंच नसतं, आणि मला चांगल्या एसओपीची हीच खूण वाटते.

कोण तपासतंय म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज युकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. त्यांनी २००७ मध्ये हजारो निबंध एकमेकांशी ताडून बघितले तेव्हा २३४ जणांनी लहानपणी केमिस्ट्रीचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडल्याची तीच आठवण लिहिलेली सापडली. तेव्हापासून तिथे प्रत्येक निबंध सॉफ्टवेअरमधून जातो. आता तर निबंध कुठून उचललेला नाही, एआयकडून लिहून घेतलेला नाही असं अर्जदाराला जाहीर करावं लागतं, आणि २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न दिलेत : हा विषय का, अभ्यासानं तुमची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४००० अक्षरं. हे तीन प्रश्न कुठल्याही देशात जाणाऱ्यानं वहीत लिहून ठेवावेत इतके चांगले आहेत. एआयकडून व्याकरण तपासून घेणं मला गैर वाटत नाही, जिथे चालतं तिथे. पण का शिकायचंय हे त्याला विचारणं म्हणजे परत त्या कन्सल्टन्सीत जाण्यासारखंच आहे.

कन्सल्टन्सी सगळ्याच वाईट असं मी म्हणत नाही, व्हिसाच्या कागदांसाठी मैत्रिणीला खूप चांगली मदत मिळाली. पण पालकांना एक माहीत असायला हवं की बऱ्याच परदेशी विद्यापीठांकडून एजंटना दर विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं. अमेरिकेत १९९२ पासून कायद्यानं विद्यार्थी भरतीवर असं कमिशन द्यायला बंदी आहे, पण परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती त्या बंदीतून वगळलेली आहे. म्हणजे यादी हातात पडली की यातल्या कुठल्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे हे सरळ विचारावं, त्यात संकोच कसला.

माहिती नसल्यानं माझा वेळ कुठे गेला ते पण लिहिते, कुणाचा तरी वाचेल. चार महिने जीआरईचे, म्हणजे अमेरिकेतल्या पुढच्या शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेचे, शब्द पाठ केले आणि मग एकेका डिपार्टमेंटची साइट उघडली तर माझ्या यादीतल्या बहुतेकांना जीआरई नकोच होती. २०२० नंतर कितीतरी ठिकाणी ती काढून टाकली गेली, काही ठिकाणी पाठवली तरी बघत नाहीत. आधी साइट वाचायला हवी होती, परीक्षा नंतर. एका मित्रानं उलट केलं, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा फार लवकर दिली, तिचा निकाल दोनच वर्षं चालतो, आता परत द्यावी लागणार. जीआरईचा पाच वर्षं चालतो.

रेकोचं म्हणजे शिफारसपत्राचं तर बोलायलाच नको. मुलं डेडलाइनच्या आठवड्यात सरांकडे जातात, आणि सर म्हणतात तूच लिहून आण मी सही करतो. असं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळत असणार, कारण एसओपी आणि तिन्ही पत्रांची भाषा एकच. मी दोन महिने आधी तिघांना भेटले, प्रत्येकाला माझं त्यांच्याकडचं काम, कुठे चुकले होते ते आणि डेडलाइनचा तक्ता एका पानावर दिला. एका मॅडमनी स्पष्ट सांगितलं की मी तुला फक्त वर्गात बघितलंय, माझं पत्र कमकुवत होईल, दुसरं कुणी बघ. तेव्हा वाईट वाटलं पण त्यांनी माझ्यावर उपकारच केले. अमेरिकेच्या अर्जात ही पत्रं नंतर बघण्याचा हक्क सोडता का असा प्रश्न येतो, तो सोडावा असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि पटलं पण, नाहीतर वाचणारा त्या पत्रावर विश्वास कसा ठेवणार.

पैशाचा विषय घरोघरी सगळ्यात आधी निघतो, तो निघायलाच हवा. पण किती जणांना माहीत आहे की अमेरिकेत पीएचडीला बहुतेक करून फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसेही मिळतात? मास्टर्सला तसं क्वचितच. अर्जाची फी सुद्धा विचारलं तर बरीच विद्यापीठं माफ करतात, मी तीन ठिकाणी विचारलं, दोघांनी केली. चेव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीला २८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत यायची अट असते, हे शेवटच्या वर्षाला कळून काय उपयोग, आधी कळलं तर माणूस तशी आखणी करतो. आणि फंडिंगची ऑफर आली की दोन दिवसांत हो म्हणा असं दडपण घ्यायची गरज नाही, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून मान्य केलंय की पुढच्या सत्रासाठीच्या ऑफरवर विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत विचार करू द्यायचा.

हे सगळं उघड माहितीत आहे हो, काही गुप्त नाही. पण ते इंग्रजीत आहे, शंभर साइटवर विखुरलेलं आहे, आणि ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी बाहेर निघालंय त्यांना शोधायचं काय हेच माहीत नसतं. मग जो पहिला भेटतो त्याचं खरं वाटतं.

म्हणून विनंती. निकाल लागले की अमुकला तमुक विद्यापीठात प्रवेश अशा बातम्या तुम्ही फोटोसकट छापता, त्या वाचून आम्हाला हुरूप येतो, त्या छापाच. पण त्यांच्याबरोबर आठवड्याला अर्धा कॉलम अर्ज करणाऱ्यांसाठी द्या. त्यात यश मिळालेल्यांनी आपला एसओपी पहिल्यांदा कसा लिहिला होता आणि मग काय काय खोडलं ते सांगावं, प्राध्यापकांनी शिफारस लिहिताना त्यांना काय हवं असतं ते सांगावं, ज्यांना सगळीकडून नकार आला त्यांनाही लिहू द्यावं. माझा सध्या अकरावा ड्राफ्ट चालू आहे. पहिला ड्राफ्ट अजून जपून ठेवलाय, त्यात तो रक्तदाबाचा डेटा शेवटच्या ओळीत कुठेतरी आहे आणि वर सगळं रँकिंगचं कौतुक. असा कॉलम सुरू केलात तर तो पहिला ड्राफ्ट, सरांनी लाल पेनानं केलेल्या खुणांसकट, छापायला पाठवते.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी वाचक