कॅलिब्रेशनचे तास 'रिकामे' धरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महागडी उपकरणे एकेका विभागाने कुलपात ठेवण्यापेक्षा सामायिक प्रयोगशाळेत आणावीत, हे आपल्या अंकातील पत्र वाचले आणि मनापासून पटले. गेली चौदा वर्षे मी अशाच एका प्रयोगशाळेत डीएससी (नमुना तापताना किती उष्णता घेतो ते मोजणारे), टीजीए (तापताना वजन किती घटते ते मोजणारे) आणि लेझर फ्लॅश (उष्णता किती वेगाने पसरते ते मोजणारे) ही यंत्रे चालवते. बॅटरीचे कॅथोड, उष्णता साठवणारे मेण, उष्णतेपासून वीज करणारे थर्मोइलेक्ट्रिक मिश्रधातू, सगळे माझ्या टेबलावर येते.

आमच्याकडे यंत्राचा वापर तासांत मोजतात. कुणाचा नमुना चालू असेल तेवढेच तास वापराचे. कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्र बरोबर मोजते का हे तपासण्याचे, तास 'यंत्र रिकामे' या रकान्यात जातात आणि वर्षअखेरीस तो रकाना फुगलेला दिसला की विचारणा होते. मग तपासणी पुढे ढकलली जाते. मीही ढकलली आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

तीन वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थिनी पॅराफिन आणि ग्राफाइटचे नमुने घेऊन आली. वितळताना ते किती उष्णता घेतात, हे तिला हवे होते. आकडे दर वेळी कमीच येत. ग्राफाइटचे प्रमाण बदल, पुन्हा मिसळ, पुन्हा मोज, असे दोन महिने गेले. शेवटी मी डीएससीत इंडियम या धातूचा तुकडा लावला, कारण त्याचे आकडे पक्के माहीत आहेत. इंडियम 156.6 अंश सेल्सिअसला वितळते आणि ग्रॅममागे सुमारे 28.6 जूल घेते. यंत्र 26 सुद्धा दाखवेना! तिच्या मेणात दोष नव्हताच. आधीच्या एका नमुन्यातले बॅटरीचे इलेक्ट्रोलाइट (आतले द्रव) पॅनच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या वाटीच्या, कडेतून झिरपून सेन्सर खराब झाला होता. या इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होते, आणि ते सेन्सरला खाते. सामायिक यंत्रावर एकाची चूक अशी दुसऱ्याच्या प्रबंधात उतरते. 'मग माझे दोन महिने?' एवढेच ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हते.

घाई दुसरीकडेही नडते. विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) डीएससीवर मोजायला तीन फेऱ्या लागतात: रिकामी पॅन, मग तुलनेसाठी सफायरची चकती, मग नमुना. स्लॉट अपुरा पडला की पहिली फेरी गाळायचा आग्रह होतो. पण हाच आकडा पुढे लेझर फ्लॅशच्या निकालाला आणि घनतेला गुणून उष्णतावाहकता काढतात. विशिष्ट उष्म्यात पाच टक्के चूक झाली, तर ती तशीच वाहकतेत येते. लेझर फ्लॅशमध्ये चकतीच्या जाडीचा वर्ग येतो, म्हणजे जाडीतली दोन टक्के चूक चार टक्के होते. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ 'सुधारला' असे म्हणतात तेव्हा कधी कधी ती सुधारणा या चुकीएवढीच असते.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातला एक दिवस कॅलिब्रेशनला द्यावा आणि तो वापरातच धरावा. नमुन्यात काय आहे आणि तो किती तापमानाला विघटित होतो, हे लिहून दिल्याशिवाय कुणालाही स्लॉट मिळू नये, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

गेल्या महिन्यापासून मी प्रत्येक अहवालाखाली शेवटच्या इंडियम तपासणीची तारीख आणि आकडा हाताने लिहून देते. छापील फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना अजून नाही.

आपली,
एक तांत्रिक सहाय्यक